आघाताचा अपघात

जिन्याखालच्या एवढ्याशा दुकानात टायपिंग करणाऱ्या काकूंना कुणाची चूक दिसली की त्यांचे हात शिवशिवायचे. वरच्या मजल्यावरच्या पोरीचा प्रबंध त्यांच्याकडे आला: ‘साहित्यातील आघात आणि त्याचा शिकण्यावर परिणाम’. "अगं बाई, एवढी शिकली आणि साधं ‘अपघात’ लिहिता येईना!" म्हणत काकूंनी एक बटण दाबलं आणि दोनशे पानांतले सगळे आघात दुरुस्त करून मोकळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी पोरीने पानं चाळून कपाळावर हात मारला. "काकू, ‘अपघातामुळे मुलगी वर्गात मुकी झाली’? कुठल्या गाडीखाली आली ती?"

"मग काय झालं तिला?"

"कादंबरीतली मुलगी आहे ती. मनाला धक्का बसला हो. बाईंनी सगळ्यांपुढे वाचायला उभं केलं, ती अडखळली, वर्ग खो-खो हसला. तेव्हापासून अक्षर दिसलं की डोकं बंद. कादंबरीभर सगळे तिला ढ म्हणतात. ढ नसते, घाबरलेली असते."

काकूंचं तोंड एवढंसं झालं. सातवीत त्यांचं अगदी हेच झालं होतं, म्हणून तर शाळा सुटली. आता पन्नाशीत सुनेने हात धुऊन मागे लागून दहावीचा फॉर्म भरायला लावला होता. परवा तोंडी परीक्षा, परक्या माणसांपुढे उतारा मोठ्याने वाचायचा. त्या दिवशी आपली कंबर धरणार, हे काकूंनी सोमवारीच ठरवून टाकलं होतं.

सगळे आघात पुन्हा जागच्या जागी बसले. उरली तपासणी: एकीने कागदावरचं मोठ्याने वाचायचं, दुसरीने पडद्यावर बघायचं. बावीस वर्षं काकू कायम बघणाऱ्या. वाचायची वेळ आली की कधी चष्मा घरी राहायचा, कधी घसा बसायचा. त्या घशाइतका आराम जन्मात कुणाला मिळाला नसेल!

"आण इकडे, आज मी वाचते," काकू म्हणाल्या खऱ्या, पण आधी चष्मा दोनदा पुसून घेतला. पहिली ओळ कशीबशी निभावली. दुसरीत ‘व्यक्तिमत्त्व’ आडवं आलं. "व्य... व्यक्ति..." काकूंनी त्या शब्दावर बोट दाबून धरलं. मेला, एवढा जोडाक्षरांचा शब्द कशाला हवा होता! पोरीने मदतीला तोंड उघडलं.

"गप्प बस गं!" काकू खेकसल्या. "मला येतंय."

आणि आलं. घाम पुसत, अडखळत, खालच्या ओळीपर्यंत सगळं पान आलं. मग काकूंनी सुनेला फोन लावला. "परवा सकाळी मला सोडायला येशील ना? आणि हे बघ, उशीर केलेला मला चालणार नाही."