सरासरी अकरा

माझ्या मावशीला सगळे सिस्टर म्हणतात. दूधवाला, बसचा कंडक्टर, दवाखान्यात आठवड्यातून तीनदा उगवणारे डॉक्टर, सगळे. आई तिच्यावर चिडली की तीसुद्धा फोनवर म्हणते, "दे त्या सिस्टरला." मावशी बुटकी आहे, भराभर चालते, आणि समोरच्याला ताप असो की परीक्षा, पहिलं वाक्य एकच: "जीभ दाखव." सत्तावीस वर्षं ती डेपोमागच्या उतारावरचा दोन खोल्यांचा दवाखाना सांभाळत होती. तो मी बंद पाडला.

हो, मीच. कुणाच्या सांगण्यावरून नाही, अक्कलहुशारीने, आणि त्यासाठी मला वर्गात पहिला नंबरही मिळाला.

कॉलेजसाठी मी तिच्याकडे राहायला आले ती 'राज्यशास्त्र, कायदा आणि सार्वजनिक धोरण' शिकायला. एवढं लांबलचक नाव ऐकून मावशी म्हणाली, "म्हणजे नक्की काय शिकणार?" मी अर्धा तास समजावलं. ती शेंगा सोलत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "राजकारण तुझी आई शिकवेल, त्यात तिचा हात कुणी धरणार नाही. कायदा या घरात माझा चालतो. तेवढं धोरण काय ते कॉलेजात शीक." त्या दिवसापासून मी 'मंत्रीणबाई' झाले. मंत्रीणबाई, पाणी तापलंय. मंत्रीणबाई, आपलं ताट आपण उचलायचं असतं.

दुसऱ्या वर्षी धोरणाच्या सरांनी प्रकल्प दिला. शहरात पालिकेचे नऊ दवाखाने, पैसा आठांपुरता. कोणता बंद करावा, कारणांसह लिहा. सरांनी पालिकेकडून खरी आकडेवारी आणली होती, पण दवाखान्यांची नावं आणि पत्ते काढून टाकून नुसते क्रमांक ठेवले होते. म्हणाले, "नाव दिसलं की माणूस पाघळतो. धोरण लिहिणाऱ्याने पाघळायचं नसतं." मला हे इतकं पटलं की मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

क्रमांक आठ सरळ दिसत होता. बाकी ठिकाणी दिवसाला चाळीस-पन्नास रुग्ण, इथे सरासरी अकरा. पुढचा दवाखाना बसने पंधरा मिनिटांवर. मी तक्ते केले, आलेख काढले आणि शेवटी एक वाक्य लिहिलं, जे लिहून झाल्यावर मी उठून आरशात पाहून आले: 'अकरा नागरिकांसाठी एक इमारत राखणे ही करुणा नव्हे, ती केवळ सवय होय.' सरांनी त्याखाली दोनदा रेघ मारली. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

संध्याकाळी मी तो अहवाल मावशीला वाचून दाखवला. ती सुजलेले पाय गरम पाण्यात सोडून बसली होती. तिने नीट ऐकलं आणि म्हणाली, "बरोबर आहे तुझं. अकरा माणसांसाठी कशाला दोन खोल्या अडवायच्या?"

दोन खोल्या हे शब्द माझ्या अहवालात नव्हते. पालिकेचे सगळे छोटे दवाखाने दोनच खोल्यांचे, म्हणून ती तसं बोलली असेल. पण मी जर खरंच हुशार असते तर तेव्हाच माझे कान टवकारले असते. मी दुसरा चहा मागितला.

कॉलेजचा पालिकेशी करार होता. सगळ्यात चांगला अहवाल त्यांच्या आरोग्य खात्याकडे जायचा. माझा गेला. पालिकेत गेलेला कागद कुणी वाचत नाही, अशी माझी ठाम समजूत होती आणि दोन वर्षं राज्यशास्त्र शिकूनच ती झाली होती.

सात महिन्यांनी, तिसऱ्या वर्षाच्या मध्यावर, मावशी घरी आली आणि बूट न काढताच खुर्चीत बसली. ही बाई बूट न काढता घरात पाऊल टाकत नाही. हातात एक कागद होता. "मंत्रीणबाई, हे दारावर लावून गेलेत. काय म्हणतायत बघ. भाषा तुमच्यातली आहे."

आदेश होता. डेपोमागील दवाखाना बंद करण्याचे प्रस्तावित आहे, हरकती पंधरा दिवसांत. मी मोठ्याने वाचत होते. तिसऱ्या परिच्छेदात आले आणि अडखळले. 'अकरा नागरिकांसाठी एक इमारत राखणे ही करुणा नव्हे, ती केवळ सवय होय.' स्वल्पविरामही माझाच होता. मी तो कागद उलटा केला, सुलटा केला, जणू मागच्या बाजूला दुसरं काही लिहिलेलं असेल.

"वाच की," मावशी म्हणाली.

"मावशी, हे मी लिहिलंय."

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग ती हसायला लागली. खोकला येईपर्यंत हसली. "म्हणजे मीच हो म्हटलं होतं की गं! पाय पाण्यात सोडून!" मग तिने डोळे पुसले. मला वाटलं आता बोलेल, रागावेल, दोन थोबाडीत देईल. मी वाट बघत होते. तिने वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या.

आईला फोन केला तर तिने सगळं ऐकून एवढंच म्हटलं, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ," आणि फोन ठेवला. सरांकडे गेले तर ते खुर्चीतून उठलेच. "पदवीच्या विद्यार्थिनीच्या शिफारशीवर आदेश निघाला! आपल्या विभागाच्या इतिहासात पहिल्यांदा!" मी म्हटलं, "सर, तो माझ्या मावशीचा दवाखाना आहे." ते चष्मा पुसत शांतपणे म्हणाले, "म्हणूनच तर क्रमांक दिले होते." दोन वर्षं मी या माणसाचं प्रत्येक वाक्य उतरवून घेतलं होतं.

एक गोष्ट मात्र मला समजत नव्हती. अकरा माणसं तपासून कुणाचे पाय रोज असे सुजतात का? हा प्रश्न मला सात महिन्यांपूर्वी पडायला हवा होता. मावशीला विचारलं तर ती म्हणाली, "मंगळवारी ये आणि बस. मोजायचं तर मोज. रेघा मार. पण नावं लिहायची नाहीत, कबूल?"

"कबूल," मी म्हटलं.

मंगळवारी मी पडद्यामागे स्टुलावर बसले. पुढच्या दाराने लोक येत, मावशी त्यांचं नाव, वय, पत्ता रजिस्टरमध्ये घेई. आणि मागच्या दाराने, जिथे औषधांची रिकामी खोकी रचलेली होती, तिथून बायका येत. शिवणाच्या कारखान्यातल्या, कामाची पाळी सुटल्याबरोबर धावत आलेल्या. कुणाच्या हातात सुई घुसलेली, कुणाची पाठ काळीनिळी, कुणाचे दिवस राहिलेले आणि कुणाला ते कळू द्यायचं नव्हतं. मावशी प्रत्येकीला नावाने हाक मारी, मूल कसं आहे विचारी, जीभ दाखव म्हणे, पट्टी बांधी, आणि कागदावर एक अक्षर लिहीत नसे. संध्याकाळी माझ्या रेघा शेहेचाळीस झाल्या. रजिस्टरमध्ये अकरा.

मी विचारलं, "तू यांना लिहीत का नाहीस?"

हात धुता धुता तिने सांगितलं. रजिस्टर दर महिन्याला मुख्य कार्यालयात जातं. चार वर्षांपूर्वी कारखान्याच्या माणसाने तिथे कुणाला तरी गाठून ते चाळलं. तीन बायकांपुढे 'गरोदर' असं लिहिलेलं होतं. आठवड्याभरात तिघींना कामावरून काढलं. "त्यातली एक माझ्याकडे आली. भांडली नाही. नुसतं विचारलं, सिस्टर, तुम्ही लिहिलंत ना? तेव्हापासून जी म्हणेल लिहू नका, तिचं लिहायचं नाही."

सत्तावीस वर्षं नोकरी झालेली बाई खालच्या मानेने बोलत होती, आणि मी पडद्यामागे तिचा उद्धार करायला निघाले होते. कारण माझ्याकडे आता आकडा होता. शेहेचाळीस! आणि आकड्याला पुरावा लागतो. पुराव्याचा कायदा शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, "पुराव्याशिवाय आकडा म्हणजे अफवा." म्हणून मी मंगळवारी रेघा मारता मारता नावंही लिहून घेतली होती. मावशी हाक मारी, मी लिही. पस्तीस नावं, पुढे तक्रार आणि वेळ. तिला सांगितलं नाही. म्हटलं, सुनावणीच्या दिवशी तिलाच कळेल मंत्रीणबाई कशासाठी शिकतात ते.

सुनावणी पालिकेच्या तिसऱ्या मजल्यावर होती. आरोग्य अधिकारी, टाइप करणारा कारकून आणि आम्ही दोघी. दुसरं कुणी आलं नव्हतं. कसं येणार? हरकत नोंदवायची तर नाव सांगावं लागतं. टेबलावर माझा अहवाल होता, छान बांधलेला.

अधिकाऱ्याने माझा अर्ज वाचला आणि चष्म्यावरून पाहिलं. "अहवालही तुमचा आणि हरकतही तुमचीच?"

"हो."

"मग खरं कोणतं?" कारकून हसला.

"हरकत खरी. रोज शेहेचाळीस लोक येतात, सर. रजिस्टरमध्ये अर्धेही नसतात. अहवाल लिहिताना मी उंटावरून शेळ्या हाकल्या."

"पुरावा?"

मी पिशवीतून वही काढली. मला अजून आठवतं, माझी छाती फुगली होती. वही टेबलावर ठेवणार तोच मावशीचा हात तिच्यावर पडला. तिने वही उघडली नाही. तिला कसं कळलं ते तिलाच ठाऊक, माझ्या चेहऱ्यावरून असेल. तिच्या चेहऱ्याचा रंग मात्र असा उडाला होता की अधिकाऱ्याने विचारलं, "बरं नाही का सिस्टर?"

"साहेब, ही माझ्या बहिणीची मुलगी. माझ्या घरी राहते. मायेपोटी लिहून गेली. रजिस्टरमध्ये आहे तेच खरं."

"म्हणजे अकरा?"

"अकरा."

कारकुनाने टाइप केलं. सगळं मिळून सहा मिनिटं लागली. निघताना अधिकारी मला म्हणाले, "अहवाल मात्र उत्तम होता हं."

जिन्यात मी तिच्यावर ओरडले. होय, मी तिच्यावर. "खोटं का बोललीस? वाचला असता ना दवाखाना! माझ्या हातात सगळं होतं!"

ती दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. "तू नावं लिहिलीस."

"पुरावा म्हणून..."

"त्यांना विचारलंस?"

मी वही पिशवीत ढकलू लागले, तशी तिने ती काढून घेतली.

"त्या कारखान्याच्या माणसाला ही माहिती काढायला दोन महिने फेऱ्या माराव्या लागल्या. तू टेबलावर नेऊन ठेवत होतीस. आणि माझ्या पडद्यामागे बसून लिहिलीस गं." तिचा आवाज चढला नव्हता. मी तिला साप चावलेल्या माणसासमोर पाहिलंय, जळालेल्या पोरासमोर पाहिलंय, तिचं काम कधी वेडंवाकडं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी वहीतली पानं तिने वेडीवाकडी फाडली. तुकडे तिने स्वतःच्या पर्समध्ये टाकले. माझ्या पिशवीवर तिचा भरवसा नव्हता.

पहिल्या तारखेला दवाखान्याला कुलूप लागलं. मावशीची बदली मोठ्या रुग्णालयात झाली, पट्ट्या आणि कापूस ठेवायच्या खोलीत. तिथे माणसं येत नाहीत, चिठ्ठ्या येतात. घरी ती माझ्याशी बोलते, जेवायला वाढते. पण मंत्रीणबाई म्हणत नाही. नावाने हाक मारते, आणि ते मला सहन होत नाही.

गेल्या आठवड्यात मी दवाखान्यात राहिलेली तिची किटली आणि खुर्चीवरची उशी आणायला गेले. किल्ली तिने दिली होती. मी सामान घेत होते तेवढ्यात मागचं दार वाजलं. उघडलं. एक बाई होती.

"सिस्टर?"

"दवाखाना बंद झालाय. सिस्टर आता मोठ्या रुग्णालयात असतात."

ती तिथेच उभी राहिली. मला वाटलं, काहीतरी करायला हवं. मी म्हटलं, "मी त्यांना निरोप देते. नाव काय तुमचं?"

तिने माझ्याकडे पाहिलं, दोन पावलं मागे सरली आणि उतारावरून निघून गेली. मी हाक मारली. ती थांबली नाही.

घरी येऊन मावशीला सांगितलं. ती पाणी पीत होती, तिने पेला खाली ठेवला. "कशी होती? डावा पाय ओढत होती का? पोट दिसत होतं? हाताला काही बांधलेलं होतं?"

मी आठवायचा प्रयत्न केला. खूप केला. ती माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती, भर उन्हात, आणि मला काहीच सांगता येईना. मी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं.

मावशीने बूट घातले, नाड्या बांधल्या आणि कारखान्यामागच्या वस्तीत घरोघर विचारायला निघाली.