साक्षीच्या आलेखातली एस्तेर

गुरुवारची मधली सुट्टी, काष्टी गावाजवळची शाळा... आणि माझ्यासमोर लॅपटॉपवर आठवीचा डॅशबोर्ड. बी.एड.च्या आंतरवासितेसाठी, म्हणजे शिकाऊ शिक्षिका म्हणून, मी सध्या या शाळेत आहे. मुले घरी मोबाईलवरच्या ॲपमध्ये गणिताचा सराव करतात आणि कोण पुढे, कोण मागे, हे पाहण्याचे काम माझ्याकडे आहे.

हिरवा, पिवळा, लाल असे तीन रंग. शिष्यवृत्तीच्या जादा वर्गात जागा मोजक्या, म्हणून लाल रंगातली मुले वगळायची असे ठरले होते. शाळा सुटल्यावर ती नावे मला मुख्याध्यापकांना सांगायची होती.

त्यात एस्तेरचे नाव होते. (मुलींची नावे बदलली आहेत.) तिने ॲप कधी उघडलेच नव्हते... आणि वर्गात तर फळ्यावरचे उदाहरण माझ्याआधी तिचे सुटलेले असते.

कोणाला काही विचारायचे म्हटले की मला संकोच वाटतो. तरी धीर करून तिला व्हरांड्यात बोलावले. मागोमाग तिची मैत्रीण साक्षीही आली.

"आमच्या फोनमधी नेट न्हाई, मॅडम. मी साक्षीच्या घरी सोडवती," एस्तेर म्हणाली.

"एक प्रश्न हिचा, एक माझा," साक्षीने भर घातली. "दुसरीला सांगायचं न्हाई, असा नेम हाय."

"हिला अपूर्णांक लई जड जात्यात. तरी सांगत न्हाई मी," एस्तेर म्हणाली.

"नकोच सांगू. एकदा सांगितलं का दिवसभर भाव खाती."

मी परत येऊन साक्षीचा आलेख उघडला. एक उत्तर बरोबर, पुढचे चूक, पुन्हा बरोबर, पुन्हा चूक... करवतीच्या दातांसारखा. खाली ॲपचा शेरा होता, 'लक्ष विचलित होते.' लक्ष कुठेच गेले नव्हते. एका फोनपुढे दोघी बसल्या होत्या, इतकेच.

क्षणभर आनंद झाला, पण लगेच दुसरी बाजू लक्षात आली. बरोबर उत्तरे एस्तेरची होती. ती वजा केली, तर पिवळ्या रंगात सुरक्षित असलेली साक्षी थेट लाल रंगात जाणार होती. जिने स्वतःचा फोन पुढे केला, तिचीच जागा माझ्या बोलण्याने जाणार... आणि गप्प राहिले, तर एस्तेरची.

मुख्याध्यापक सरांसमोर बोलायची वाक्ये मी मनात नीट जुळवली होती. दारातच ती विसरले. कसेबसे सांगून झाल्यावर सर म्हणाले, "म्हणजे मॅडम, एकीला आत घ्यायचं तर दुसरी बाहेर?"

दोघींची कागदावर वेगवेगळी परीक्षा घेऊ या, तोवर कोणाचेच नाव काढू नये, असे मी म्हणाले. आलेख पाहून सर "सोमवारी घ्या," एवढेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मुलींना सोमवारच्या परीक्षेबद्दल सांगितले, आणि हेही, की यापुढे एस्तेरने शाळेच्या लॅपटॉपवर तिच्या स्वतःच्या लॉगिनने सराव करायचा. साक्षीचा चेहरा एकदम उतरला. मला वाटले, परीक्षेची धास्ती असेल.

"मग ही आमच्या घरी यायची न्हाई का?" तिने विचारले.

ही शक्यता माझ्या मनातही आली नव्हती. मी कायम एकटीनेच अभ्यास केला... पहिली आले, पण माझ्याबद्दल असे कोणी विचारल्याचे आठवत नाही. "येईल ना," मी घाईने म्हणाले.

उद्या सोमवार. पेपर मीच काढला आहे. अपूर्णांकांचा प्रश्न सोपा करावा, असे सकाळपासून मनात येते आहे. पण मग माझा पेपरही ॲपच्या त्या शेऱ्यासारखाच, खरे न सांगणारा होईल... म्हणून तो आहे तसाच ठेवला आहे.

दोघींनी माझ्यापासून काहीही लपवले नाही, याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. त्यांना त्याचा पश्चात्ताप होऊ नये, एवढीच काळजी लागून राहिली आहे.