दादाच्या ताटातली डाळ

आठ महिने मी माझ्या भावाला डाळ खाऊ दिली नाही.

उशिरा लिहितोय, माफ करा. दादाचं वर्षश्राद्ध मंगळवारी झालं. त्याच दिवशी लिहायला बसलो होतो. तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. सातवी शिकलेला माणूस, बोटांना सुईची सवय, मोबाईलची नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. पाटोद्यात आमचं टेलरिंगचं दुकान.
कापायचं दादानं, शिवायचं मी. त्याच्या कात्रीला मी जन्मात हात लावला नाही.

मग एकदा त्यानं एका रिटायर गुरुजींच्या फुल पॅन्टच्या कापडातून हाफ पॅन्ट कापली.
गुरुजी म्हणाले, "काय मास्तर, मला पुन्हा पहिलीत बसवता का?"
सगळे हसले. दादाही हसला.
गुरुजी गेल्यावर हळूच मला म्हणाला, "हे कशाला आलते रे?"

बीडला नेलं. तपासण्या झाल्या. अल्झायमर.

डॉक्टर चांगला माणूस. मला समजेना म्हणून त्यानं विचारलं, "काका, धंदा काय तुमचा?"
म्हटलं, टेलर.
मग त्यानं कागदावर काढून दाखवलं. मेंदूच्या पेशीला एक लांब प्रोटीन असतं. ते कापायला शरीरात एन्झाइम असतात, म्हणजे कात्र्याच समजा. एक कात्री बरोबर जागी कापते, काही त्रास होत नाही. दुसरी चुकीच्या जागी कापते. तिच्यामागून तिसरी येऊन आणखी एक काप देते. मधला जो तुकडा उरतो तो चिकट. ते तुकडे एकमेकांना चिकटतात, साचतात. वय झालं की झाडलोटही नीट होत नाही.

मी मान हलवली. एवढं तर माझ्या धंद्यातलंच होतं.
घरी येईपर्यंत एसटीत मी विचार केला. कात्री तर आपल्या हातात नाही. पण टेबलावर कापडच कमी टाकलं, तर कतरण कमी पडंल.

प्रोटीन कशात असतं ते मला माहीत होतं. सुनंदाच सांगायची. सुनंदा म्हणजे दादाची लेक, नाशिकला असते.

दुसऱ्या दिवसापासून दादाची डाळ बंद. अंडी बंद. दूध, शेंगदाणे, मटकी, सगळं बंद.

आमची मंडळी म्हणाली, "अवो, डाळीनं कुणाचं डोस्कं बिघडतंय का? भाऊजींना नुसती भाकरी अन् दोडका?"
म्हटलं, "तुला न्हाई कळायचं. डॉक्टरनं काढून दाखवलंय."

नारायणगडावर दर्शनाला गेलो. पंगतीत वाढप्यानं वरण आणलं. दादानं द्रोण पुढं केला. मी त्यावर हात आडवा धरला.
"ह्यांना नको."
वाढपी थांबला. दादा त्याला म्हणाला, "आता कटिंग मास्तर ह्यो हाय. लई मापात देतो."
मला बरं वाटलं. भाऊ आपलं ऐकतो असं वाटलं.

आज तो द्रोण डोळ्यासमोरून हलत नाही.

आठ महिन्यांनी पुढच्या खेपेला डॉक्टरनं दादाचं वजन केलं. कागद बघितला, पुन्हा वजन केलं.
"काका, खायला काय देता?"
मी सगळं सांगितलं. जरा अभिमानानंच सांगितलं.
त्यानं पेन खाली ठेवला.
"काका, ताटातली डाळ डोक्यात जाऊन साचत नाही. ते प्रोटीन मेंदू स्वतःच बनवतो."
"म्हणजे कापड घरचंच?"
"घरचंच."

त्या दिवशी घरी आल्या आल्या वरण शिजवायला लावलं. पण तोवर दादाला गिळताना ठसका लागायला लागला होता. चार घास जायचे. पुढं ताप आला, छातीत कफ भरला, आणि गेला.

डॉक्टर म्हणाले, आजार थांबणारा नव्हताच. पण अंगात ताकद असती तर ताप कदाचित सोसला असता. कदाचित म्हणाले. हा शब्द मी वर्षभर चघळतोय.

आता हे सुनंदासाठी. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही.

बाई, तू बाबांसाठी प्रोटीन पावडरचे डबे पाठवायचीस. फोनवर विचारायचीस, "काका, बाबा घेतात ना रोज?"
मी म्हणायचो, घेतात.
तीन डबे अजून कटिंगच्या टेबलाखाली आहेत. झाकणाचं सीलसुद्धा तोडलेलं नाही.

दादाला न्यायच्या आधी तू त्याचा हात हातात घेऊन विचारलंस, "काका, बाबा एवढे कसे वाळले?"
मी म्हणालो, "आजारच तसला हाय, बाई."

आणि मंगळवारी तू वाढायला होतीस. माझ्या ताटात दोनदा वरण वाढलंस. म्हणालीस, "घ्या काका, बाबांना आवडायचं."
तू पाठ फिरवल्यावर मी ताट तसंच सरकवलं. माणसं बसली होती, तोंड उघडलं नाही. फोनवरही जीभ उचलत नाही, म्हणून इथं लिहिलं.

आणखी एक. मलाही आता एकच माप दोन-दोनदा घ्यावं लागतंय. वय असंल, नाहीतर तेच असंल. तेच असंल तर एक दिवस ही गोष्ट माझ्या डोक्यातून जाईल, आणि तुला कोणी सांगणार नाही. मी सुटंन, आणि तू 'आजारच तसला' म्हणत राहशील. ते मला नको.

दादा, कात्री तुझ्या खुंटीलाच आहे. पोटभर जेव आता. तुला शेवटचा रामराम.

सुनंदा, वाचलंस की फोन कर. बोलायचं नसंल तर नुसती रिंग दे, मी समजंन. पण लवकर दे.