एका घराचा एक विडा

सोलापूरला गाडीत बसले तेव्हा समोरच्या बाईंनी विचारलं, "चेन्नईला काय, देवदर्शन?" मी म्हटलं, "लेकीकडे." ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. मी लेकीला आवरायला निघाले होते.

आठवडाभर आधी व्याह्यांचा, मुकुंदरावांचा फोन आला होता. "विहीणबाई, एकदा येऊन जा. शर्वरीला तुम्हीच समजवा, आमचं ती ऐकत नाही." आवाज इतका मऊ होता की मी 'येते' म्हणून मोकळी झाले. ते ओरडले असते तर मीही चार शब्द सुनावले असते. मऊ बोलणाऱ्या माणसापुढे मला काही सुचत नाही.

शर्वरीचं सासर तंजावरकडचं. पिढ्यान् पिढ्या तमिळ मुलखात राहिलेली ही मराठी घरं नोकरीधंद्यासाठी चेन्नईत आली आणि त्यांनी आपलं एक मंडळ उभारलं. मंडळाचं छोटं देऊळ आहे, सभागृह आहे, मुलांचं वसतिगृह आहे. या सगळ्याचा निर्णय वर्षातून एकदा सभेत होतो आणि तिथे एका घराला एकच मत. देवीपुढे ठेवलेलं विड्यांचं ताट पुरुषांच्या रांगेतून फिरतं. घराचं नाव पुकारलं की कर्ता पुरुष एक विडा उचलून तोंडात टाकतो; ज्याने घराचा विडा घेतला तो घरातर्फे बोलतो. बायका मागच्या सतरंजीवर बसतात. देशाच्या निवडणुकीत या बायका बोटाला शाई लावून येतात, काही बँकेत साहेब आहेत, पण इथे त्यांना मत नाही. माझ्या लेकीने लग्नानंतरच्या पहिल्याच सभेत विचारलं, "का?" आणि त्यानंतर ती घरोघर फिरून बायकांना एकत्र करू लागली. मुकुंदराव त्या मंडळाचे अध्यक्ष. म्हणजे बघा.

गुंतकलनंतर बाहेरची माती लाल झाली, मग चिंचेची झाडं लागली, मग स्टेशनांच्या पाट्यांवरची अक्षरं मला परकी झाली. एरवी मी खिडकी सोडत नाही. या वेळी डोळे बाहेर आणि मन भलतीकडे. लेकीला घराबाहेर काढलं तर? जावई आईबापांच्या बाजूने गेला तर? सोबत घेतलेल्या दशम्या तशाच राहिल्या.

एग्मोरला जावई, प्रसन्ना, घ्यायला आला होता. वाकून नमस्कार केला, बॅग घेतली आणि मला घरी, तांबरमला नेणाऱ्या लोकलमध्ये बसवलं. डब्यात मोगऱ्याचा इतका वास की डोकं जड व्हावं. मग तो मराठी-इंग्रजीची मोळी बांधत म्हणाला, "अम्मा, शर्वरी राइट आहे. पण अप्पा... त्यांना फोन येतात. कोण करतंय सांगत नाहीत." त्याचा चेहरा पाहून मला त्याची कीव आली आणि रागही आला. राइट आहे तर बाबा, बोल की तसं घरात!

दारात जानकीबाई, माझ्या विहीणबाई, उभ्या होत्या. बुटक्या, नाकात दोन्हीकडे चमक्या, बोलणं थोडकंच. "या, बैसा. पहिलें मोर घ्या (मोर म्हणजे ताक). ऊन फार." जेवायला केळीच्या पानावर भात, कारल्याचं पिट्लै (आपलं पिठलं नव्हे, ही डाळ-चिंचेची दाट आमटी), वर तूप. चव अशी की एरवी मी दोनदा मागून घेतलं असतं. पण मुकुंदराव समोर, शर्वरी वाढतेय आणि दोघं एकमेकांकडे बघत नाहीत. मध्येच फोन वाजला. मुकुंदराव उठले, नुसतं ऐकलं, ठेवला. पानावर परत बसले ते हात न लावताच.

"काय झालं?" मी विचारलं.

"काहीं नाही," ते म्हणाले. मग जरा थांबून, "आमची धाकटी आहे ना, मीनाक्षी, तिचं ठरत आलंय. जातीतलंच स्थळ. ते म्हणतात, घरची सून अशी असेल तर विचार करावा लागेल."

शर्वरीच्या हातातली पळी थांबली. मला वाटलं होतं त्यापेक्षा प्रकरण वाईट होतं. लेकीच्या हट्टापायी दुसऱ्याच्या लेकीचं लग्न मोडणार होतं.

संध्याकाळी मी शर्वरीला एकटीला गाठलं आणि जे बोलायला आले होते ते बोलले. दमला-भागला आवाज होता तिचा. सिरुसेरीच्या ऑफिसातून रोज इतक्या लांबून येते. म्हणाली, "आई, एकदा माझ्यासोबत चल. मग सांग, मी थांबते की नाही." मी गेले. घाबरत गेले, पण गेले.

पहिल्या घरी दार उघडलं, शर्वरी दिसली आणि मिटलं. आतून पुरुषाचा आवाज, "वेंडाम्!" (नको.) दुसरं घर कमलामामींचं (तिकडे कुठल्याही वडीलधाऱ्या बाईला मामीच म्हणतात). मामी विधवा, शाळेतून निवृत्त झालेल्या, मूलबाळ नाही. कॉफीचा डबरा (पेल्याखालची खोल वाटी) पुढे सरकवत त्या म्हणाल्या, "माझे यजमान गेले. तरी सभेंत आमच्या घराचं नांव पुकारितात. कोणी उठत नाही. मग ताट पुढें जातें. मी मागें बैसून ऐकतें." एवढंच. रडल्या नाहीत, काही नाही. मी मात्र कॉफी खाली ठेवली.

परतताना शर्वरीने बेत सांगितला. सभेचे विडे दरवर्षी बायकाच बांधतात, सभागृहामागच्या स्वयंपाकघरात, सकाळी अंघोळ करून. या वर्षी बांधायचे नाहीत. विडा नाही तर मत नाही, मत नाही तर सभा नाही. पुरुषांनी बायकांना मत द्यायचं कबूल करावं, मग विडे. सगळ्या तयार होत्या. फक्त पहिला विडा नेहमी अध्यक्षांची बायको बांधते आणि तिचा हात चालला की बाकीच्यांचे चालतात. म्हणजे सगळं जानकीबाईंवर येऊन थांबलं होतं.

"त्यांना विचारलंस?"

"विचारलं. म्हणाल्या, सरी, बघूं." (सरी म्हणजे बरं.)

त्या 'बघूं'ची मला फार भीती वाटली. संसारात मीही कितीदा 'बघू' म्हटलं आहे, आणि ते म्हटल्यावर पुढे काय होतं ते मला चांगलं ठाऊक आहे.

सभेच्या सकाळी एग्मोरच्या मागच्या गल्लीत आम्ही पोचलो. सभागृहात पंखे गरगरत होते, पुरुष पांढऱ्या वेष्टीत (धोतरच, पण काष्टा न मारता लुंगीसारखं गुंडाळलेलं) बसत होते. स्वयंपाकघरात परातीत ओली पानं, चुना, सुपारी, लवंगा. भोवती बायका, सगळ्यांचे हात मांडीवर. मी पाहुणी, भिंतीला टेकून उभी होते आणि पदराच्या टोकाची वळकटी करत होते.

"विडे झाले का?" बाहेरून आवाज आला. पुन्हा आला. मग मंडळाचे चिटणीस आत डोकावले, परात पाहिली, बायकांकडे पाहिलं आणि त्यांना समजलं. ते घाईघाईने बाहेर गेले आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून कागदात बांधलेले विडे घेऊन आले. त्यावर त्यांच्यातलेच एक म्हातारे कडाडले, "बाजारचा विडा चालत नाही! देवीच्या आवारांत बांधलेलाच पाहिजे. नियम आपलाच आहे." चिटणीस पुडी हातात धरून तसेच उभे राहिले. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

मग मुकुंदराव दाराशी आले. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही, फक्त बायकोकडे. "जानकी. उशीर होतोय."

जानकीबाईंनी परात ओढली. एक पान घेतलं, देठ खुडला, चुना लावला, सुपारी, घडी, वर लवंग टोचली. इतक्या सफाईने की मला त्यांचा तिरस्कार वाटला. बाजूच्या एका बाईचा हातही पानाकडे गेला. संपलं, मी मनात म्हटलं, पोरगी तोंडावर पडली.

विडा घेऊन जानकीबाई उठल्या. मुकुंदरावांनी सवयीने हात पुढे केला. त्या त्यांच्या बाजूने निघून गेल्या, सतरंजी ओलांडली, पुरुषांच्या रांगेपुढे देवीसमोर उभ्या राहिल्या आणि विडा स्वतःच्या तोंडात टाकला.

आम्ही सगळ्यांनी दाराशी गर्दी केली. त्या सावकाश चावत होत्या.

"मुकुंदरावांच्या घराचा विडा घेतला," त्या म्हणाल्या. "एका घराचा एक विडा. आतां आमच्या घरातर्फे मी बोलतें. घरांत बाई असेल तर तिला मत असावें. नवरा असो, नसो. एवढेंच."

मग जो गोंधळ उठला! खुर्ची पडली, तमिळमध्ये काहीतरी ओरडणं, आणि त्यात एक वाक्य अगदी स्वच्छ मराठीत: "आतां तुझ्या मुलीला कोण करून घेतो तें बघूं!" जानकीबाईंनी देवीच्या चौथऱ्याचा आधार घेतला. पण बसल्या नाहीत. माझ्या शेजारून कमलामामी परातीकडे गेल्या आणि आपल्या घराचा विडा बांधायला पान उचललं. मग आणखी एक बाई. बाकीच्या पिशव्या उचलून मागच्या दाराने निघाल्या; त्यांना नावं ठेवण्याची माझी हिंमत नाही.

सभेत ठराव झालाच नाही. पुढे बघू, असं म्हणून ती उठली. मुकुंदराव कुणाची वाट न पाहता एकटे तांबरमला गेले. त्या दिवसापासून ते बायकोच्या हातचं जेवले नाहीत. वाटी घेऊन खिडकीत बसायचे, प्रसन्नाने आणलेली इडली खायचे. मीनाक्षीच्या स्थळाकडून होकार आला नाही, नकारही आला नाही. फोन वाजला की घरातले सगळे थिजायचे. जानकीबाई मात्र रोज गच्चीवर वडम (तांदळाच्या कुरडया) घालत होत्या. मी विचारलं, "भीती नाही वाटत?" त्या म्हणाल्या, "वाटते ना. रात्रंदिन वाटते." आणि साचा माझ्या हातात दिला.

निघताना एग्मोरला शर्वरी सोडायला आली. गाडी लागली तरी ती खिडकीचे गज धरून उभी. डोळे खोल गेलेले. म्हणाली, "आई, अत्तैचं (सासूबाईंचं) असं बघवत नाही. मीनाक्षी माझ्याशी बोलत नाही. तू म्हणालीस तर हे सगळं थांबवते मी. आत्ता, इथून फोन करते सगळ्यांना."

एवढंच ऐकायला तर मी सोलापूरहून आले होते. मी हो म्हटलं असतं तर मुकुंदराव जेवले असते, मीनाक्षीचं जमलं असतं, माझी लेक सुखाने नांदली असती. माझं तोंड उघडलं. आणि मला कमलामामी दिसल्या, मागे बसून स्वतःच्या घराचं नाव ऐकणाऱ्या.

"नको," मी म्हटलं. गाडी हलली. ती तिथेच उभी राहिली, लहान लहान होत.

घरी पोचले तर यांचा पहिला प्रश्न, "समजावलंस का तिला?" मी म्हटलं, "नाही." आणि पाय न धुताच खाली बसले.