बहारीनचे आठ दात

बहारीनच्या झेंड्याला पाच दात असतात. मी आठ करवून घेतले.

करवून घेतले म्हणजे बायकोकडून. सुईत दोरा ओवण्यापलीकडे माझी मजल कधी गेली नाही. पण झेंडा कसा दिसतो हे सांगायचा मान माझा, कारण मी रत्नागिरीत एका शाळेत भूगोल शिकवायचो आणि माझ्या वर्गात, फळ्याच्या उजव्या हाताला, जगातल्या सगळ्या देशांच्या झेंड्यांचा तक्ता टांगलेला होता. छडी घेऊन त्याच्याशेजारी उभा राहिलो की मला वाटायचं, हे सगळे देश आपल्याला विचारूनच झाले. पोलंडचा पांढरा वर, इंडोनेशियाचा लाल वर. नेपाळचा तेवढा दोन त्रिकोणांचा. स्वित्झर्लंडचा चौरस. एवढं खरं सांगून झालं की बाकीच्यांचे अर्थ मी पदरचे सांगे. लाल दिसला की रक्त, हिरवा दिसला की शेती, मग त्या देशात वाळूशिवाय काही का नसेना. बहारीनच्या झेंड्यात काठीकडचा पांढरा पट्टा करवतीच्या दातांसारखा लाल रंगात घुसतो. त्याला मी 'समुद्राच्या लाटा' असं ठोकून दिलं होतं. पंधरा वर्षांत एकाही पोरानं शंका काढली नाही.

ही गोष्ट दोन हजार तीनच्या सुमाराची. बायकोचं माहेर पूर्णगड, तिचा थोरला भाऊ बोटीवर. सोळा वर्षं रंगाचे डबे नि दोरखंड ओढल्यावर त्याला पहिल्यांदाच सारंग केलं होतं, म्हणजे खलाशांचा मुकादम. पहिली सफर नीट झाली तर कायम, नाहीतर परत डबे. बोट दुरुस्तीसाठी मुंबईच्या गोदीत होती म्हणून चार दिवस घरी आला होता, आणि येताना बोटीवरच्या साहेबानं त्याच्या गळ्यात एक काम घातलं होतं. बोट जाणार बहारीनला आणि पेटीतला बहारीनचा झेंडा उंदरांनी खाल्लेला. ज्याच्या बंदरात शिरायचं त्याचा झेंडा डोलकाठीवर उजव्या बाजूला चढवायचा, पाहुण्यानं उंबऱ्याशी चपला काढाव्यात तशी ती रीत. चुकीचा चढवला तर यजमानाचा अपमान आणि आणणाऱ्याची चौकशी. मेहुणा छाती काढून म्हणाला होता, "माझी बहीण शिवते, साहेब. नि भावोजी भूगोलाचे मास्तर. जगातला एकूण एक झेंडा पाठ."

तक्त्यावरून मी आकृती काढून आणली. बायकोनं लाल कापडावर दोन्ही अंगांनी पांढरा पट्टा लावला, दात कातरले.

"आठच ना? नीट बघितलंत ना?"

"पंधरा वर्षं शिकवतोय," मी म्हटलं.

संध्याकाळी मेहुणा झेंडा घेऊन पूर्णगडला गेला. दुसऱ्या दिवशी तिकडून एसटीनं परस्पर स्टेशनवर येऊन एक वीसची गाडी पकडणार होता.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेच्या वाचनालयात सामान्यज्ञानाचं नवं पुस्तक आलं. ते मी उघडलं ते केवळ मिरवायला. "या, आमच्या घरी शिवलेला झेंडा दाखवतो," असं म्हणून कारकुनाला हाक मारली, बहारीनवर बोट ठेवलं आणि दात मोजले. पाच. बोट वरून खाली नेलं, मग खालून वर. पाचच.

"छापणाऱ्यानं घोळ घातलाय," मी म्हटलं.

"आणि खाली लिहिलंय ते?" कारकून म्हणाला.

खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की पूर्वी आठ दात होते, गेल्या वर्षी ते पाच केले. श्रद्धा, नमाज, दान, रोजे आणि हज हे इस्लामचे पाच आधार म्हणून. लाटांचा कुठं पत्ता नव्हता. घड्याळात सव्वाबारा झाले होते.

घरी गेलो तेव्हा बायको भात वाढून घेत होती. मी सांगितलं. तिनं ताट झाकलं, कात्री, खडू, सुया, पांढऱ्या दोऱ्याचं रीळ पिशवीत टाकलं आणि म्हणाली, "स्कूटर काढा."

स्टेशन गावाबाहेर, वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर. चढावर स्कूटर खोकायला लागली. मागून एकदाच आवाज आला, "गिअर बदला." एरवी तासभर रखडणारी गाडी त्या दिवशी वेळेवर येऊन उभी होती. बायको तिकीट खिडकीकडे गेली, मी डब्यांच्या खिडक्या बघत पळालो. चौथ्या डब्यात मेहुणा बाकाखाली बॅग सरकवताना दिसला, तसा मी आत चढलो.

"काय भावोजी, पोचवायला आलात?"

"झेंडा काढा."

"का?"

"आठ आहेत. पाच हवेत."

तो बाकावर बसून बॅगेतला झेंडा काढायला लागला. "साहेबाला शब्द देऊन आलोय मी," एवढंच म्हणाला. गाडी हलली. बायको धावत येऊन चढली, धापा टाकत भावाशेजारी बसली आणि झेंडा मांडीवर ओढून घेतला.

खालचं लाल कापड अखंड होतं, तेवढं नशीब. वरचा पट्टा उसवायचा, आठ दात सरळ कापून टाकायचे आणि उरलेल्या रुंदीत नवे पाच पाडायचे. एक अंग ती उसवायला लागली, दुसरं तो. सोळा वर्षं ताडपत्र्या शिवलेला हात होता त्याचा. चिपळूणपर्यंत दीड तास. आम्ही दोघांनी त्यापुढे जाण्यात अर्थ नव्हता, परतीची गाडी मिळाली नसती.

"भागाकार येतो ना?" बायकोनं खडू माझ्या हातात दिला. "पाच आखा."

मी वीत लावून, ओठ चावून आखले. आखून होतात न होतात तोच करबुड्याचा बोगदा लागला आणि डब्यातले दिवे काही लागले नाहीत. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख, वर चाकांचा खडखडाट.

"मोजलेत?" अंधारातून तिचा आवाज.

"पाच."

"पाच काय?"

मी आखलेलं मनातल्या मनात पुन्हा मोजलं. मी पाच आखल्या होत्या त्या खाचा. म्हणजे लाल पाच. पांढरे दात मधे चार आणि दोन टोकांना अर्धा अर्धा. आठाचे पाच करता करता मी चारांवर आलो होतो.

"कात्री लावू नको!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की पलीकडच्या बाकावरचं तान्हं मूल रडायला लागलं.

"लावली नाही," ती म्हणाली. "तुम्ही आखलंत म्हणून थांबले होते."

उजेड आला. तिनं माझा खडू पदरानं पुसून टाकला, कापडाच्या उंचीएवढा दोरा तोडला, त्याच्या पाच घड्या घातल्या आणि घडीघडीला खूण केली. पंधरा वर्षांत हे मला सुचलं नसतं. मग कात्री चालली. माझ्याकडे झेंड्याची दोन टोकं ताणून धरायचं काम आलं, कपडे वाळत घालायच्या दांडीसारखं.

संगमेश्वर गेलं तेव्हा तिचं अंग शिवून झालं होतं, मेहुण्याचे दोन दात. तिसऱ्या दाताला सुई त्याच्या बोटात गेली आणि पांढऱ्यावर रक्ताचा थेंब उतरला. लाल म्हणजे रक्त, हा माझा एकच अर्थ खरा ठरला, पण तो मोठ्यानं बोलायची माझी छाती झाली नाही. बायकोनं दोऱ्याचा गोळा थुंकीनं भिजवून डाग घासला. घासत राहिली. फिका झाला. मग गेला.

चिपळूण आलं तरी एक दात उरलाच होता.

"तो मी घालतो. उतरा तुम्ही," मेहुणा म्हणाला. बहिणीकडे बघून म्हणाला, माझ्याकडे नाही.

त्यानंतर तीन आठवडे काही कळलं नाही. मी तक्त्यावरच्या बहारीनवर पांढरा कागद चिकटवला. पोरांनी विचारलं, तो देश गेला काय सर? घरात फोन वाजला की बायको माझ्याकडे बघे आणि मी पंख्याकडे.

एका रविवारी फोन आला. लाईनीत खरखर होती.

"चढला," मेहुणा म्हणाला. "बोट आत न्यायला बंदराचा वाटाड्या आला, मान वर करून बघितलंन. मला वाटतं, मोजलेनसुद्धा. काही बोलला नाही. साहेब खूश. मला म्हणाला, पुढची सफर पण तूच सारंग."

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि धोंडा उतरला की माझी जीभ सुटते.

"मग? कोणी केला म्हणून विचारलं असेल ना साहेबानं?"

"विचारलंन. म्हटलं, बहिणीनं."

"आणि मी?"

खरखर थोडी वाढली, मग थांबली.

"तुमचं नाव नाही काढलं, भावोजी. सारंगाची नोकरी नवी आहे माझी."