गाळाचा दिवस

“कारण एका शब्दात द्या,” कुलकर्णी सर फोनवर म्हणाले. “टेबलमध्ये जागा तेवढीच आहे.”

मी तेव्हा सांडोर गावाच्या बाजूला एका बावखलाच्या काठावर उभी होते. बावखल म्हणजे बागायती वाडीला पाणी मिळावं म्हणून जुन्या लोकांनी खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. बांधीव नाही, पायऱ्या नाहीत. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं आणि आजूबाजूच्या विहिरी गोड राहतात. समुद्र इथून लांब नाही. बावखल बुजलं की विहिरीचं पाणी मचूळ व्हायला लागतं, आणि केळीला ते आपल्याआधी कळतं.

मी समाजशास्त्र शिकवायचे. निवृत्तीनंतर कुलकर्णी सरांच्या कन्सल्टन्सीसाठी सर्व्हे करते. या वेळचं काम सोपं होतं. कोणती बावखलं ‘वापरात’ आहेत आणि कोणती ‘वापरात नाहीत’, एवढं सांगायचं. वापरात असतील त्यांचा गाळ काढून, काठ बांधून मिळणार होता. नसतील ती योजनेतून बाहेर. शेवटच्या रकान्यात ‘ड्रायव्हर’ लिहायचा. ड्रायव्हर म्हणजे बदल घडवणारं कारण. गाडी कुठे चालली आहे हे माहीत नसलं तरी आमच्या व्यवसायात ड्रायव्हर लागतोच.

हे बावखल राऊतांच्या भावकीचं, सामाईक. पाण्यावर शेवाळ, कडेला प्लॅस्टिक. मी रीतसर फोकस ग्रुप घेतला. म्हणजे माणसांना गोल बसवून चहा द्यायचा आणि जो मोठ्याने बोलेल त्याचं लिहून घ्यायचं. मोठ्याने बोलत होता किशोर. बँकेत नोकरी, भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन.

“नळ आले मॅडम. वाड्या कमी झाल्या. पोरं जॉबला. आता शेजारच्या बिल्डिंगला पार्किंग पाहिजे, ते भराव करून द्यायला तयार आहेत. सिंपल आहे.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. खरं तर माझं काम तिथेच संपलं होतं. आधी पोटापाण्याचे व्यवहार बदलतात आणि मागून रीती, असं एक मत आहे. नवी राहणी बाहेरून येते आणि पसरत जाते, असं दुसरं. जमिनीवरून हितसंबंधांची टक्कर होते आणि समाज हलतो, असं तिसरं. किशोरच्या चार वाक्यांत तिन्ही बसली. आमच्या शास्त्राची ही मोठी सोय आहे. बदल होऊन गेला की कोणतंही कारण त्याला अंगाबरोबर बसतं.

कप गोळा करायला किशोरच्या चुलतीबाई आल्या, सुलभाकाकू. वय सत्तरीपुढचं. केळी आणि मोगऱ्याची वाडी अजून त्या स्वतः बघत. घरात त्यांची बोली वेगळी, माझ्याशी मात्र शाळेतल्यासारखं मराठी बोलायच्या.

“नळामुळे नाही थांबलं,” सगळे गेल्यावर त्या म्हणाल्या. “नळ आल्यावरही आम्ही गाळाचा दिवस करायचो.”

मे महिन्यात एक दिवस प्रत्येक घरातून माणूस यायचा. बावखलात उतरून गाळ काढायचा, तो वाड्यांना खत म्हणून जायचा. सापडतील ते मासे काठावर शिजायचे आणि सगळी भावकी तिथेच जेवायला बसायची. काम कमी, चेष्टामस्करी जास्त. म्हणून त्याला सणच मानायचे.

“आणि ज्या वर्षी भावकीत कोणी गेलं, त्या वर्षी सण नाही,” काकू म्हणाल्या. “आधी हे गेले. त्या मे महिन्यात कोणी पाण्यात पाय घातला नाही. पुढच्या वर्षी मोठ्या घरचे भाऊ. मग ती आजारपणाची वर्षं आली. एकाचं वर्ष सरायचं तर दुसऱ्याचं लागलेलं असायचं.”

“पण नंतर?”

“नंतर पुढाकार कोण घेणार? जो बोलला असता त्याला म्हणाले असते, याला मासे खायची घाई झाली.”

मी वही मिटली. शहरीकरण, नळ, नोकऱ्या, सगळं खरं होतं. पण हे बावखल रीत मोडल्याने पडीक झालं नव्हतं. रीत पाळल्याने झालं होतं.

सरांना फोन केला.

“इंटरेस्टिंग आहे,” ते म्हणाले. त्यांच्या तोंडी याचा अर्थ ‘नको’ असा होतो. “पण टेबलमध्ये कसं बसवणार? असं करा, मे महिन्यात कम्युनिटी ॲक्टिव्हिटी होऊ दे. एक फोटो द्या. ‘वापरात’ लिहून टाकतो.”

मी किशोरला सांगितलं. तो नाही म्हणेल असं वाटलं होतं. तो काकूंच्या वाडीकडे बघत राहिला.

“हिची विहीर खारट झाली तर ही जगायची नाही, मॅडम. करतो मेसेज.”

लहान असताना तोही त्या चिखलात लोळला होता. ग्रुपवर अंगठे आले. लोक विरारच्या फ्लॅटमधून यायला तयार झाले. काकूंनी माळ्यावरची मोठी पातेली काढून चिंचेने घासली. मसाला नवा कुटला. मला म्हणाल्या, “साडी जुनी नेसून ये. नाही तर काठावरून फोटो काढत बसशील.”

आदल्या संध्याकाळी मी त्यांच्या ओटीवर होते. किशोर आला, बसला नाही.

“काकू, बडोद्याचा दत्तू गेला. दुपारी.”

दत्तू म्हणजे काकूंच्या चुलत सासऱ्यांचा मुलगा. तरुणपणी गाव सोडला तो पुन्हा फिरकला नव्हता.

“त्याला कोण ओळखतं?” किशोर म्हणाला. “मी ग्रुपवर टाकलेलंच नाही. परवा टाकतो. उद्याचं होऊन जाऊ दे.”

काकू पातेल्यावर हात ठेवून बसल्या होत्या.

“तुझे काका गेले तेव्हा दत्तू आला होता का?”

“नाही.”

“पण त्या वर्षी बावखलात कोणी उतरलं का?”

किशोर ओटीच्या कडेला टेकला.

“तुम्ही माझ्यासाठी थांबलात. तेवढ्यावर मी ते वर्ष काढलं. आता त्याची बायको तिथे रडत असेल आणि मी इथे चिखलात हसू?”

“काकू, वाडी जाईल तुझी.”

“मला कळत नाही का ते? टाक ग्रुपवर.”

मी काहीतरी बोलायला हवं होतं. रीती लवचिक असतात यावर मी वर्षानुवर्षं लेक्चर दिलेली आहेत. त्यातलं एकही वाक्य त्या ओटीवर बोलण्यासारखं नव्हतं. किशोरने मेसेज टाकला. हात जोडलेली चित्रं येऊ लागली. काकूंनी पातेली उचलून पालथी घातली.

रिपोर्ट गेला. वापर: नाही. ड्रायव्हर: शहरीकरण. मी अर्धं पान लिहून दिलं होतं, ते सरांनी परिशिष्टात घातलं. परिशिष्ट म्हणजे जे वाचायचं नसतं पण छापायचं असतं ते. रिपोर्टच्या प्रकाशनाला शाली आणि नारळ होते. एका पाहुण्यांनी लोकसहभागावर बरंच भाषण केलं.

भराव दिवाळीनंतर पडला. आता तिथे पांढरे पट्टे आखलेत, गाड्या लागतात. यंदा मी गेले तेव्हा काकूंच्या केळीची पानं कडेने करपलेली होती. मोगरा काढून टाकला होता. त्यांनी चहा केला, बाटलीच्या पाण्याचा.

“विहिरीचा चालत नाही आता,” एवढंच म्हणाल्या.

दत्तूचं वर्ष सरलं होतं.

माझ्या कामात एवढाच फरक पडला. एखादी गोष्ट कधी बंद पडली हे मी पूर्वीही विचारायचे. आता त्यानंतर विचारते, त्या वर्षी कोण गेलं होतं. लोक या प्रश्नाला लगेच उत्तर देतात. ते लिहायला रकाना अजून निघालेला नाही.