खाली सगळे गप्प झाले तेव्हा

दौंडच्या बाजारात सुकटीचा वास आला, की मी मनानं न्हावऱ्यातल्या आमच्या घराच्या पत्र्यावर चढतो. वहिनी कोकणातल्या समुद्रकाठच्या गावच्या. मी खरोखर पत्र्यावर चढलो, त्या वर्षीच्या पावसाळ्यात त्यांची आई वारली होती आणि आईचा एक फोटोसुद्धा वहिनींकडं नव्हता. टीव्हीवरच्या प्रवासाच्या कार्यक्रमात त्यांचं माहेर दाखवणार म्हणून शेजारीपाजारीही आमच्याकडं जमले. चित्र सारखं हलायचं, म्हणून अँटेना धरायला मी वर. टीव्हीतलं मला सगळं कळतं, अशी दवंडी गावात मीच पिटली होती. वरून दिसत काहीच नव्हतं, नुसतं ऐकू यायचं. "आबा, केवढं पाणी हाय वो!" "खारट हाय त्ये. उसाला काय कामाचं?" मग हसण्याचा गलका. आणि एकाएकी सगळे गप्प झाले. चित्र गेलं, असं मी ठरवून टाकलं आणि अँटेनाचा पाईप जोरात फिरवला. खालून थोरला भाऊ ओरडला, "आरं, फिरवू नगं! हिची आई दिसत हुती!" मी पाईप मागं आणला, तोवर साबणाची जाहिरात लागली होती. जेवायला वाढताना वहिनी म्हणाल्या, "भावजी, भाकरी घ्या. उन्हाळ्यातलं शूटिंग होतं ते. आई मासळी वाळत घालत होती. वर बघून हसली, तेवढं बघितलं मी." माझी मान काही वर झाली नाही. आता पत्र्यावर कुणाला चढावं लागत नाही. पण टीव्हीसमोर घरातले सगळे एकदम गप्प झाले, की मी हातातला रिमोट हळूच खाली ठेवतो.